तानपुरा मध्येच तुटू नये म्हणून: लिनक्स बोर्डावरचा ब्लूटूथ आवाज पायरीपायरीने कसा दुरुस्त करायचा

मिरजेत माझ्या मावशीचा गायनाचा वर्ग आहे. तानपुऱ्यांचंच गाव हे. इथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मावशीकडेही दोन चांगले तानपुरे आहेत. पण संध्याकाळी दहा-बारा मुलं रियाजाला बसली की दर वेळी तानपुरा छेडायला कुणी मोकळं असतंच असं नाही. म्हणून मी एका छोट्या एआरएम बोर्डावर, म्हणजे एका पाटीवरच्या संगणकावर, लिनक्स चढवून दिलं. बटण दाबलं की हव्या त्या पट्टीचा तानपुरा सुरू होतो, आणि आवाज येतो हॉलच्या दुसऱ्या टोकाला ठेवलेल्या ब्लूटूथ स्पीकरवर.

पहिल्या दिवशी आवाज आला तो तुकड्यातुकड्यांनी. तो दोष काढला. मग आठवड्याभराने मावशीचा फोन आला, "अरे, तुझा तानपुरा मध्येच श्वास घेतोय बघ. पोरांचा सा हलतोय."

कानाला दोन्ही वेळा आवाज तुटतच होता, पण बिघाड दोन होते आणि एकमेकांपासून फार लांबच्या थरांत होते. ब्लूटूथच्या आवाजाचं हेच अवघड आहे. लक्षण तेच राहतं, कारण कुठेही असू शकतं. म्हणून अंदाजाने सेटिंग बदलत बसण्यापेक्षा खालून वर, एकेक थर पक्का करत जायचं. या लेखात तोच क्रम दिला आहे. आदेश उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. टर्मिनलवर ते नेहमीप्रमाणे रोमन लिपीत, आणि वेगळं सांगितलं नसेल तर लहान अक्षरांत टाइप करायचे.

एक गोष्ट आधीच सांगतो. स्पीकर हाताच्या अंतरावर असेल आणि त्याला वायरीचं भोक असेल, तर वायरच जोडा. ब्लूटूथ तिथेच वापरावं जिथे वायर ओढणं खरोखर अडचणीचं आहे.

आवाजाचा रस्ता डोळ्यांपुढे ठेवा

फाइल वाजवणारा प्रोग्रॅम आवाज देतो ध्वनी-सेवेला. ती सेवा, म्हणजे ब्लूअल्सा, पल्सऑडिओ किंवा पाइपवायर, तो आवाज एसबीसी या कोडेकमध्ये (आवाजाची माहिती आटोपशीर करायच्या पद्धतीत) दाबून बसवते. ब्लूटूथडी ही ब्लूझेडची (लिनक्समधल्या ब्लूटूथ सॉफ्टवेअरची) सेवा स्पीकरशी बोलणी करून रस्ता उघडून देते. मग कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ते पुडके यूएआरटी (साधी सीरियल तार) किंवा यूएसबीवरून ब्लूटूथ चिपकडे पाठवतो, चिप अँटेनाकडे, आणि तिथून हवेतून स्पीकरपर्यंत.

भूमिकांची नावंही आत्ताच पक्की करा, कारण गोंधळ इथेच होतो. एटूडीपी या प्रोफाइलमध्ये, म्हणजे ब्लूटूथवरून संगीत पाठवायच्या नियमांत, आवाज पाठवणारा तो सोर्स आणि घेणारा तो सिंक. आपला बोर्ड सोर्स, स्पीकर सिंक. मोबाइलवरची गाणी बोर्डावर ऐकायची असतील तर भूमिका उलट्या होतात आणि सेटिंगही उलटं होतं. दुसऱ्या कुणाची सेटिंग जशीच्या तशी उचलण्याआधी त्याचा बोर्ड पाठवत होता की घेत होता, ते बघा.

तपासणीसाठी सिनेमातलं गाणं घेऊ नका. त्यात ठेका असतो, विराम असतात, लहानसा खंड कानाआड जातो. तानपुऱ्यासारखा सलग नाद घ्या. एक दशांश सेकंदाचा खंडही लगेच ऐकू येतो. ती फाइल ४४.१ किलोहर्ट्झ, स्टीरिओ, साध्या वेव्ह स्वरूपात करून ठेवा, म्हणजे नमुनादर बदलण्याचं काम प्रोसेसरवर पडत नाही. आणि सगळ्यात आधी ती बोर्डाच्या वायरीच्या जॅकवर किंवा यूएसबी साउंड कार्डावर दहा मिनिटं ऐका. फाइल पुन्हा सुरू होते त्या सांध्यावर टक् असा आवाज येत असेल, तर तो फाइलचा दोष आहे. दर वेळी नेमक्या तेवढ्याच सेकंदांनी खंड येत असेल तर पहिला संशय त्या सांध्याचाच घ्या.

पहिली पायरी: चिप जागी झाली का?

"डीमेसग" चालवा, म्हणजे कर्नलचा लॉग दिसेल, आणि ब्लूटूथच्या ओळी वाचा. नुसत्या चाळू नका, शेवटचे आकडे बघा. फर्मवेअर (चिपच्या आतलं सॉफ्टवेअर) चढवताना उणे २ ही चूक दिसली, तर फाइल जागेवर नाही. ब्रॉडकॉम घराण्याच्या चिपांना एचसीडी विस्ताराची पॅच फाइल लागते आणि ती "/लिब/फर्मवेअर/बीआरसीएम" मध्ये नेमक्या नावाने असावी लागते. योक्टो किंवा बिल्डरूट या साधनांनी स्वतः लिनक्सची इमेज बांधली असेल तर ही फाइल हमखास राहून जाते. उणे ११० म्हणजे वेळ संपली, चिपने उत्तरच दिलं नाही. त्यातही आदेश क्रमांक शून्य-एक्स-०सी०३ ला टाइमआउट आला असेल, तर तो रीसेटचा आदेश आहे. चिप पहिल्याच हाकेला ओ देत नाहीये. अशा वेळी चिपला जागं करणारी जीपीआयओ पिन, तिचा ३२ किलोहर्ट्झचा घड्याळ-संकेत आणि टीएक्स-आरएक्स (पाठवायच्या-घ्यायच्या) तारांची अदलाबदल तपासा. वरच्या थरात शोधण्यासारखं अजून काहीच नाही.

एचसीआय०, म्हणजे लिनक्सला दिसणारं ब्लूटूथ उपकरण, दिसतंय पण चालू होत नाही, असं असेल तर "आरएफकिल लिस्ट" बघा. सॉफ्ट ब्लॉक्ड समोर येस असेल तर "आरएफकिल अनब्लॉक ब्लूटूथ" पुरतं. सेवा सांभाळणारा सिस्टमडी ही अवस्था लक्षात ठेवून पुढच्या बूटला परत लावतो, त्यामुळे कधीतरी चुकून बंद केलेलं ब्लूटूथ पुढे प्रत्येक वेळी बंदच येतं.

वीजपुरवठाही याच पायरीत उरकून घ्या. जुना मोबाइल चार्जर आणि बारीक, लांब केबल ही जोडी टाळा. रास्पबेरी पायवर "व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड" चं उत्तर शून्य-एक्स-० यायला हवं. दुसरं काही आलं तर त्याचा अर्थ लावून घ्या. बिट क्रमांक ० म्हणजे आत्ता व्होल्टेज कमी आहे, बिट क्रमांक १६ म्हणजे बूट झाल्यापासून कधीतरी कमी झालं होतं.

दुसरी पायरी: तार पुरेशी रुंद आहे का?

माझा पहिला बिघाड इथे होता. स्पीकर क्षणात जोडला जायचा, त्यावरची आवाज कमी-जास्त करायची बटणं चालायची, लॉगमध्ये एकही चूक नव्हती. तानपुरा मात्र फाटल्यासारखा, तुकड्यातुकड्यांनी यायचा. दोन रात्री मी ध्वनी-सेवेच्या बफरशी झुंजलो. शेवटी कागद घेऊन साधा गुणाकार केला.

एसबीसीच्या नेहमीच्या चांगल्या दर्जात, म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झ, जॉइंट स्टीरिओ, बिटपूल (दर्जा ठरवणारा आकडा) ५३, एक फ्रेम ११९ बाइटची असते आणि तिच्यात १२८ नमुने मावतात. सेकंदाला साधारण ३४४.५ फ्रेम लागतात. म्हणजे सेकंदाला सुमारे ४१,००० बाइट, ३२८ किलोबिट. आता तार बघा. यूएआरटीवर एका बाइटमागे सुरुवातीचा आणि शेवटचा बिट धरून १० बिट जातात. वेग ११५२०० असेल तर सेकंदाला ११,५२० बाइट, त्याहून एकही जास्त नाही. म्हणजे हव्या त्या आवाजाचा जेमतेम २८ टक्के भाग तारेतून जातो. उरलेल्याला वाटच नाही. बफर कितीही वाढवला तरी हे गणित बदलत नाही. जोडणीचे आणि बटणांचे संदेश चिमुकले असतात, म्हणून ते सुखाने जातात आणि सगळं ठीक आहे असा भास होतो.

बोर्ड पहिल्यांदा उभा करताना लांब जंपर वायरी होत्या, म्हणून मीच डिव्हाइस ट्रीमध्ये (कर्नलला बोर्डाची रचना सांगणाऱ्या फाइलमध्ये) मॅक्स-स्पीड ११५२०० लिहिला होता. तो तसाच राहिला होता. ९२१६०० केला, सेकंदाला ९२,१६० बाइटची वाट झाली आणि तानपुरा अखंड वाजायला लागला. बऱ्याच चिपा ३० लाखांपर्यंत सुखाने जातात, पण गरजेच्या दुप्पट वाट मिळाली की मी तिथे थांबतो.

वेग वाढवताना सीटीएस आणि आरटीएस या दोन तारा खरोखर जोडलेल्या आहेत आणि डिव्हाइस ट्रीमध्ये "यूएआरटी-हॅज-आरटीएससीटीएस" लिहिलेलं आहे, याची खात्री करा. "थांब, माझं भरलंय" हे चिपला सांगता आलं नाही तर बाइट सांडतात. मग लॉगमध्ये "फ्रेम रीअसेंब्ली फेल्ड, उणे ८४" अशा ओळी दिसतात. ती ओळ दिसली की रेडिओला दोष देऊ नका, तार बघा.

रास्पबेरी पाय ३ आणि त्याच्या पुढच्या काही बोर्डांवर दोन यूएआरटी असतात, एक पूर्ण ताकदीचं पीएल०११ आणि दुसरं मिनी यूएआरटी. मूळ मांडणीत चांगलं यूएआरटी ब्लूटूथला दिलेलं असतं. सीरियल कन्सोल नीट चालावा म्हणून कुणी मिनीयूएआरटी-बीटी हे ओव्हरले (डिव्हाइस ट्रीवरचा बदल) लावलं असेल, तर ब्लूटूथ लहान यूएआरटीवर जातं, आणि त्याचा वेग प्रोसेसरच्या कोअर घड्याळाला बांधलेला असतो. आवाज पाठवायचा असेल तर ही अदलाबदल करू नका.

यूएसबी डोंगल वापरणाऱ्यांना ही पायरी नाही. "एलएसयूएसबी" मध्ये ०ए१२:०००१ असा क्रमांक दिसणारे स्वस्त डोंगल मात्र अनेकदा मूळ चिपची नक्कल असतात. बाकी सगळं तपासूनही विचित्र वागणूक थांबली नाही तर वेगळ्या चिपचं डोंगल लावून बघा.

तिसरी पायरी: पेअर, ट्रस्ट आणि वीज गेल्यावर काय

"ब्लूटूथसीटीएल" उघडा. पॉवर ऑन, एजंट ऑन, स्कॅन ऑन. स्पीकरचा पत्ता दिसला की स्कॅन ऑफ. मग पेअर, ट्रस्ट आणि कनेक्ट, याच क्रमाने. ट्रस्ट विसरला तर स्पीकर स्वतःहून परत जोडायला येतो तेव्हा बोर्ड परवानगी विचारत बसतो, आणि बिनस्क्रीनच्या बोर्डावर उत्तर द्यायला कुणी नसतं.

"होस्ट इज डाउन" असा संदेश आला तर स्पीकर बंद आहे, लांब आहे किंवा आधीच दुसऱ्याशी जोडलेला आहे. वर्गात नेमकं हेच व्हायचं. स्पीकर चालू झाला की आधी मावशीच्या मोबाइलला जाऊन चिकटायचा. मोबाइलमधून ती जोडणी काढून टाकली आणि प्रश्न मिटला.

आता वीज. आपल्याकडे वादळी पावसात वीज कधी जाईल सांगता येत नाही, आणि बोर्ड बंद करायची रीत कुणी पाळत नाही. म्हणून मी मुख्य फाइलप्रणाली फक्त-वाचन ठेवतो, म्हणजे कार्ड खराब होत नाही. पण पेअरिंगच्या किल्ल्या "/व्हार/लिब/ब्लूटूथ" मध्ये लिहिल्या जातात. ती जागाही फक्त-वाचन किंवा तात्पुरती असेल, तर बोर्ड दर बूटला स्पीकरला विसरतो आणि स्पीकर मात्र बोर्डाला ओळखत असतो. एकाकडे किल्ली, दुसऱ्याकडे नाही. अशा वेळी जोडणी नाकारली जाते. त्या एका फोल्डरसाठी लिहिता येईल असा छोटा वेगळा भाग ठेवा.

त्याच फोल्डरमध्ये पहिलं उपफोल्डर बोर्डाच्या स्वतःच्या ब्लूटूथ पत्त्याच्या नावाचं असतं. चिपला कायमचा पत्ता दिलेला नसेल तर फर्मवेअरमधला ठरलेला पत्ता वापरला जातो. तुम्ही एकसारखे तीन बोर्ड केले तर तिघांचा पत्ता एकच निघू शकतो, आणि एकाच खोलीत ते एकमेकांच्या पायात येतात. "ब्लूटूथसीटीएल शो" ने तिन्ही पत्ते वाचून घ्या.

चौथी पायरी: "प्रोटोकॉल नॉट अव्हेलेबल"

पेअर होतं, पण कनेक्ट होत नाही. ब्लूटूथडीच्या लॉगमध्ये एटूडीपी-सिंक प्रोफाइल जोडता आलं नाही, प्रोटोकॉल नॉट अव्हेलेबल, अशी ओळ. ही तक्रार सगळ्यात जास्त लोकांची असते, आणि ती वाचून स्पीकर बदलणारेही मी पाहिले आहेत. स्पीकरचा काही संबंध नाही.

ब्लूझेड स्वतः आवाज हाताळत नाही. २०१२ च्या अखेरीस आलेल्या पाचव्या आवृत्तीपासून अल्साचा (लिनक्सच्या मूळ ध्वनी-व्यवस्थेचा) थेट आधार त्यातून काढून टाकला. तेव्हापासून ब्लूटूथडी फक्त बोलणी करतो. आवाजाचं टोक, ज्याला मीडिया एंडपॉइंट म्हणतात, ते दुसऱ्या सेवेने डीबसवर (सेवांच्या आपसातल्या निरोपांच्या वाटेवर) येऊन नोंदवावं लागतं. ती सेवा चालू नसेल तर ब्लूटूथडीकडे स्पीकरला द्यायला काहीच नसतं, आणि तो प्रामाणिकपणे सांगतो की प्रोटोकॉल उपलब्ध नाही.

तेव्हा ध्वनी-सेवा एकच निवडा. एकच काम करणाऱ्या, बिनस्क्रीनच्या बोर्डावर माझी पसंती ब्लूअल्साला. ती छोटी आहे, सिस्टम सेवा म्हणून चालते, कुणी लॉगिन असण्याची वाट बघत नाही. सेवा सुरू करताना "-पी एटूडीपी-सोर्स" हे स्पष्ट लिहा. मग "एप्ले -डी ब्लूअल्सा:डीईव्ही=पत्ता,प्रोफाइल=एटूडीपी" आणि पुढे फाइलचं नाव. यातली डी, डीईव्ही आणि प्रोफाइल ही अक्षरं मोठी हवीत. ज्या वापरकर्त्याखाली प्रोग्रॅम चालतो तो ऑडिओ गटात हवा, नाहीतर डीबस दार उघडत नाही.

पल्सऑडिओ असेल तर ब्लूटूथचं मॉड्यूल डेबियन घराण्यात वेगळ्या पॅकेजमध्ये असतं, ते बसवलं आहे का बघा. पाइपवायरची अडचण निराळी. ती वापरकर्त्याच्या सत्रात चालते. एसएसएचने, म्हणजे दुरून, लॉगिन केलं की सगळं चालतं आणि बाहेर पडलं की आवाज जातो, असं दिसलं तर कारण हेच. "लॉगिनसीटीएल एनेबल-लिंगर" ने सत्र कायम ठेवा, आणि पाइपवायरच्या व्यवस्थापकात, म्हणजे वायरप्लंबरमध्ये, ब्लूटूथसाठीची सीट-मॉनिटरिंग बंद करा. ती चालू असेल तर प्रत्यक्ष स्क्रीनसमोर बसलेला माणूस नाही म्हणून ब्लूटूथचा भाग सुरूच होत नाही.

दोन सेवा एकाच वेळी चालू ठेवू नका. दोघी आपापलं टोक नोंदवतात, आणि जोडणी कुणाच्या हाती जाईल याचा नेम राहत नाही. एक दिवस चालतं, दुसऱ्या दिवशी नाही, हे त्याचंच लक्षण.

आवाज येतोय पण टेलिफोनसारखा बसका, तर प्रोफाइल चुकलंय. माइक असलेले स्पीकर एचएफपीवर, म्हणजे फोनवर बोलायच्या प्रोफाइलवर, जातात, आणि त्यात नमुनादर बहुतेकदा ८ किंवा १६ किलोहर्ट्झच असतो. प्रोफाइल बदलून एटूडीपी करा.

पाचवी पायरी: तानपुऱ्याचा श्वास

मावशीच्या फोननंतर मी वर्गात जाऊन मागच्या सतरंजीवर बसलो. घड्याळ हातात धरलं. मिनिटभर सलग नाद, मग दहा सेकंद आवाज बारीक बारीक तुटायचा, मग पुन्हा सलग. दहा सेकंद हा आकडा ओळखीचा होता. ब्लूटूथमध्ये आसपासची उपकरणं शोधण्याचा, म्हणजे इन्क्वायरीचा, नेहमीचा कालावधी १०.२४ सेकंद असतो. माझ्याच प्रोग्रॅममध्ये स्पीकर सुटला तर सापडावा म्हणून दर मिनिटाला स्कॅन लावलेला होता. स्कॅन चालू असताना तोच रेडिओ शोधायलाही जातो आणि आवाजाचा वेळ खातो. स्कॅन काढून टाकला. स्पीकरचा पत्ता माहीत असताना शोधायची गरजच नसते, सुटला तर थेट कनेक्ट म्हणायचं. मावशीने सा लावला, डोळे मिटून मिनिट-दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाली, "आता बसला."

तुमच्याकडे स्कॅन नसेल तर पुढचा संशय वायफाय. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात १ मेगाहर्ट्झच्या ७९ वाहिन्यांवर सेकंदाला १६०० पर्यंत उड्या मारतं, आणि गजबजलेल्या वाहिन्या टाळतं. पण वायफाय आणि ब्लूटूथ एकाच चिपवर, एकाच अँटेनावर असतील तर दोघांना आळीपाळीने वेळ वाटून घ्यावा लागतो. खात्री करायला वायफाय पूर्ण बंद करून पाच मिनिटं ऐका. फरक पडला तर बोर्डाला इथरनेट लावा किंवा वायफाय ५ गिगाहर्ट्झवर न्या.

मग आजूबाजूला बघा. बोर्ड पत्र्याच्या डब्यात बंद असेल तर अँटेना आंधळी होते. लाकडी किंवा प्लास्टिकचा डबा घ्या. यूएसबी ३ ची हार्डडिस्क खेटून असेल तर तिचा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास पडतो, तिला लांब करा. माणसाच्या शरीरातलं पाणीही या लहरी शोषतं. म्हणून रिकाम्या हॉलमध्ये चाललेला स्पीकर मुलं बसल्यावर अडखळतो. बोर्ड जमिनीवरून उचलून भिंतीवर डोक्याच्या उंचीवर लावला तर मधला अडथळा जातो. मावशीच्या हॉलमध्ये मी बोर्ड फोटोंच्या फळीवर ठेवला आहे.

तरीही नाही समजलं तर: बीटीमॉन

"बीटीमॉन -डब्ल्यू" आणि फाइलचं नाव देऊन नोंद सुरू करा (बीटीमॉन ब्लूटूथवरचे निरोप टिपून ठेवतो), बिघाड घडू द्या, मग "बीटीमॉन -आर" ने वाचा. एव्हीडीटीपीच्या (आवाजाचा रस्ता ठरवणाऱ्या बोलण्यांच्या) ओळी क्रमाने दिसायला हव्यात: डिस्कव्हर, गेट कॅपेबिलिटीज, सेट कॉन्फिगरेशन, ओपन, स्टार्ट. जिथे साखळी थांबते तिथेच शोध घ्यायचा. सेट कॉन्फिगरेशन नाकारलं गेलं तर कोडेकचा प्रश्न. एसबीसी प्रत्येक एटूडीपी उपकरणाला बंधनकारक आहे, तेव्हा बाकीचे कोडेक बंद करून बघा. स्टार्टपर्यंत सगळं झालं आणि आवाज नाही, तर वरचा प्रोग्रॅम काही पाठवतच नाहीये, किंवा आवाजाची पातळी शून्यावर आहे.

जोडणी तुटली असेल तर कारणाचा आकडा वाचा. शून्य-एक्स-०८ म्हणजे संपर्कच तुटला, रेडिओचा किंवा अंतराचा प्रश्न. शून्य-एक्स-१३ म्हणजे समोरच्याने स्वतः बंद केलं. स्पीकर काही वेळ शांतता मिळाली की झोपी जातो, ते असं दिसतं. शून्य-एक्स-०५ किंवा शून्य-एक्स-०६ म्हणजे किल्लीचा घोटाळा. दोन्हीकडून पेअरिंग पुसा आणि तिसऱ्या पायरीवर परत जा.

सगळं जमल्यावर बोर्ड दहा वेळा प्लग काढून, परत लावून बघा. नीट बंद न करता, वर्गात घडेल तसंच. दहाही वेळा कुणी हात न लावता स्पीकर जोडला गेला पाहिजे. मग बीटीमॉनची नोंद चालू ठेवून तासभर तानपुरा वाजवत ठेवा आणि त्याच खोलीत बसून ऐका. डब्याच्या झाकणाला आतून मी एक चिठ्ठी चिकटवतो: बोर्डाचा पत्ता, स्पीकरचा पत्ता, यूएआरटीचा वेग, कर्नल आणि ब्लूझेडची आवृत्ती, आणि कोणती ध्वनी-सेवा चालू आहे. मावशीच्या डब्यात त्या चिठ्ठीखाली तिने स्वतःच्या अक्षरात एक ओळ घातली आहे: "आधी स्पीकर सुरू करणे, मग डबा."